अर्धवट बफ झालेली समशेर: एका इराणी पात्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं एक जुनं इनामदार घराणं. देवघरात वडिलोपार्जित तलवार, आणि खंडेनवमीला तिची पूजा. वर्षातून तेवढ्यापुरतीच ती म्यानाबाहेर यायची. आधी राख आणि लिंबू लावून घासायची, मग पाण्याने धुवायची, गंध, हळद-कुंकू, झेंडूची माळ, नैवेद्य, आणि दसऱ्याच्या संध्याकाळी ओलसर असतानाच परत म्यानात. निदान तीन पिढ्या हा क्रम चालला. तलवार गंजायला याहून सोपा उपाय नाही: लिंबाचं आम्ल, राखेतले क्षार, हळद-कुंकवाचा ओला थर आणि लाकूड-चामड्याचं म्यान, जे पावसाळ्यात ओल शोषून घेतं आणि सोडत नाही.

घरात तिला ‘मोगलाईतली तलवार’ म्हणत. मूठ नेहमीची दख्खनी, लोखंडी: वर कटोरी, बोटांपुढे परज, आत लाख भरून पातं बसवलेलं. पातं मात्र त्या मुठीचं वाटत नव्हतं. अणीपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर ७८ सेंमी. वाक सगळ्यात खोल तिथे ९.५ सेंमी. मुठीजवळ रुंदी ३.२ सेंमी. पाठीची जाडी मुठीजवळ ५.५ मिमी, मध्यावर ४, अणीच्या वीतभर अलीकडे २.५. मुठीसकट वजन ९४० ग्रॅम.

या आकड्यांपेक्षा बोलका एक तपशील होता. हिंदुस्थानी तलवारीच्या पात्याला मुठीलगत तीन-चार सेंमीचा, धार न लावलेला, बोथट भाग असतो. त्याला खजाना म्हणतात. या पात्याला खजाना नव्हता, धार थेट मुठीपर्यंत गेलेली. शिवाय तुर्की किलिज तलवारीसारखा अणीकडे रुंद होणारा, पाठीलाही धार असलेला फाळ नव्हता. पातं अरुंद, अणीकडे एकसारखं निमुळतं होत गेलेलं, वाक मुख्यतः पुढच्या अर्ध्यात. ही इराणी समशेरीची ठेवण. इराणी पात्याला दख्खनी किंवा राजस्थानी मूठ बसवणं यात नवल काही नाही. पाती घोड्यांबरोबर, नजराण्यांत, व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांत येत, आणि इकडचा स्वार आपल्या हाताला सवयीची मूठ चढवून घेई.

अडचण कशी उभी राहिली

एका नवमीला लिंबाची फोड पात्यावर चोळून तशीच विसरली गेली. तासाभराने धुतल्यावर हातभर लांबीच्या पट्ट्यात काळ्या पार्श्वभूमीवर पांढुरक्या बारीक लहरी दिसायला लागल्या. घरातल्या पुतण्याने इंटरनेटवर शोधलं, ‘दमास्कस’ (लहरींची नक्षी असलेलं पोलाद) हा शब्द सापडला, मुठीजवळच्या सोनेरी अक्षरांचे फोटो कुणाला तरी पाठवले, आणि उत्तर आलं: असदुल्ला इस्फहानी, इराणी पात्यांवर सापडणारं नामांकित कारागिराचं नाव. आठवड्याभरात एका मध्यस्थाचा फोन आला. रक्कम मोठी होती. अट एकच, माल ‘स्वच्छ करून’ हवा आणि पुढची वाहतूक तो बघेल.

पुतण्या म्हणाला, “काका, एकदा चकचकीत करून आणतो, म्हणजे तुम्हालाही नक्षी नीट दिसेल.” तलवार बफिंगच्या, म्हणजे फिरत्या चाकावर घासून चकाकी आणणाऱ्या, दुकानात गेली. अणीकडचे २२ सेंमी चाकावरून गेल्यावर कारागिरानेच काम थांबवलं. मुठीकडची सोन्याची अक्षरं पाहून त्याने सांगितलं की चाक लागलं तर हे जाईल, लेखी द्या. या प्रकरणातला सगळ्यात शहाणा निर्णय त्याचा, हे नोंदवायला हवं.

तोवर झालेलं नुकसान असं: २२ सेंमीत नक्षी पूर्ण पुसली गेली होती. पाठ आणि पात्याची बाजू जिथे मिळतात ती कड गोल झाली होती. अणीजवळ पातळ जागी दोन बोटं रुंद पिवळसर डाग उमटला होता. कडक केलेलं पोलाद साधारण २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की असा गवताळ रंग येतो. निळा रंग आला असता तर तापमान ३०० च्या आसपास गेलं असं धरावं लागलं असतं आणि धार मऊ पडली असती. म्हणजे थोडक्यात निभावलं.

उरलेल्या पात्यावर दोन तऱ्हेचा गंज होता. गडद तपकिरी, घट्ट बसलेला, हाताला गुळगुळीत लागणारा: हा जुना आणि स्थिर. आणि केशरी, भुकटीसारखा, कापडाला लागणारा: हा जिवंत. केशरी ठिपके सगळ्यात जास्त लिंबू लागलेल्या पट्ट्यात आणि म्यानाच्या तोंडाशी येणाऱ्या जागी होते.

नक्षी कुठून येते

ही नक्षी वरून काढलेली नसते, ती धातूच्या पोटातली असते. ज्या पोलादात ती येते ते वूट्झ, म्हणजे मुशीतलं पोलाद. लोखंडाचे तुकडे पाला-लाकडासह मुशीत बंद करून वितळवायचे, मूस सावकाश थंड होऊ द्यायची, आणि मिळालेली छोटी वडी कमी आचेवर, जेमतेम लाल ठेवून ठोकत लांबवायची. कार्बन साधारण दीड टक्का, म्हणजे नेहमीच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त. आच वाढली की वडी हातोड्याखाली चुरा होते. ठोकताना कार्बाइडचे कण थरांत गोळा होतात. हे थर एकमेकांपासून ३० ते ७० मायक्रॉनवर असतात, आणि आम्ल लागलं की कार्बाइड पांढरं राहतं, बाकीचं काळवंडतं. व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अंश असला तर हे थर नीट जमतात, असं धातुशास्त्रज्ञ व्हरहोवेन आणि लोहार पेन्ड्रे यांच्या १९९० च्या दशकातल्या कामातून पुढे आलं.

जाता जाता: ही पोलादाची वडी बहुधा दख्खनचीच. आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रमला इराणी व्यापारी पोलाद घ्यायला येत, याची नोंद हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूगर्भतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला केली. त्याआधी दीडशे वर्षं फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये गोवळकोंड्याच्या पोलादाबद्दल तेच सांगतो. माल इथून गेला आणि पातं होऊन परत आला, असे कित्येक प्रवास झाले असतील. या एका पात्याबद्दल मात्र तसं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

पर्याय

घराने एका जतनतज्ज्ञाला आणि फारसी वाचणाऱ्या एका अभ्यासकाला बोलावलं. चर्चेत पाच वाटा आल्या.

पहिली, बफिंग पुरं करून निकेल चढवणं. ही लगेच बाद झाली. निकेलच्या आधी पातं हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात. क्लोराइड खड्ड्यांत अडकतं आणि मुलाम्याखाली गंज चालूच राहतो.

दुसरी, काहीच न करणं. घरातल्या आजींचा कल इकडे होता आणि त्यात तथ्यही होतं, कारण पुरातन वस्तूंची बरीच हानी हौशी दुरुस्तीने होते. पण केशरी गंज जिवंत होता. नुसतं सोडून दिलं असतं तर दोन पावसाळ्यांत खड्डे खोल झाले असते.

तिसरी, अख्खं पातं घासून फेरिक क्लोराइडने नक्षी उठवणं. मध्यस्थाला हेच हवं होतं, कारण फोटोत फार छान दिसतं. अडचण अशी की खड्ड्यांच्या तळापर्यंत घासायचं तर सगळीकडून धातू काढावा लागतो, मूळ घडणीच्या कडा जातात आणि सोन्याचं काम वाचत नाही. फेरिक क्लोराइड नीट निघालं नाही तर गंजाला तेच निमंत्रण ठरतं.

चौथी, धातू तपासून घेणं. जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या प्रयोगशाळेत स्पार्क चाचणी करू, कार्बनचा आकडा मिळेल, मग शंका राहणार नाही, असा आग्रह झाला. इथे फार लोक फसतात. स्पार्क चाचणी पात्यावर काही मिलिमीटरचा जळका गोल डाग ठेवते, तोही घासून सपाट केलेल्या जागेवर. हातात धरायचं एक्स-रे यंत्र डाग ठेवत नाही, पण त्याला कार्बन दिसतच नाही. म्हणजे ज्या प्रश्नासाठी जायचं त्याचं उत्तर एकाकडे विध्वंसक आणि दुसऱ्याकडे नाहीच. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहातली काही पाती झोके या अभ्यासकांनी १९२० च्या दशकात कापून तपासली, आणि त्याच तुकड्यांवर पुढच्या पिढ्यांचं संशोधन उभं राहिलं, हे खरं. पण तिथे कापायला अनेक पाती होती. घरात एकच होतं.

पाचवी, जिवंत गंज थांबवायचा, बाकी जसंच्या तसं ठेवायचं, आणि नक्षीची खात्री करायला एक लहानशी खिडकी उघडायची, म्हणजे तेवढाच तुकडा घासून आम्ल लावायचा.

पाचवी वाट ठरली. त्यात पुढे एक भर पडली, ती खाली येते.

सहीचं काय

मुठीपासून चार सेंमीवर, पात्याच्या उजव्या बाजूला सोन्याच्या दोन चौकटी होत्या. वरच्या गोलसर चौकटीत ‘बंदा-ए-शाह-ए-विलायत अब्बास’ (शाह-ए-विलायतचा, म्हणजे हजरत अलींचा, सेवक अब्बास), खालच्यात ‘अमल-ए-असदुल्लाह इस्फहानी’ (असदुल्लाह इस्फहानीचं काम). शेजारी चार घरांचा चौकोन, त्यात २, ४, ६, ८. हा बदूहचा ताईत. अरबी अक्षरांच्या अंकमूल्यांवरून तो येतो आणि समशेरींवर जागोजाग सापडतो.

इराणच्या शाह अब्बासची कारकीर्द १५८८ ते १६२९. असदुल्लाची सही असलेल्या पात्यांवरच्या तारखा मात्र दोन शतकांवर पसरलेल्या आहेत. एक माणूस इतकी वर्षं हातोडा चालवत नाही. नाव आधी कारागिराचं असेल, नंतर ते उत्तम मालाची खूण झालं, आणि हिंदुस्थानात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ते सर्रास चढवलं गेलं. म्हणून सही दिसली की आनंद करण्याऐवजी भिंग काढायचं.

वीस पट भिंगाखाली तीन गोष्टी दिसल्या. चौकटींच्या कडेबाहेर आडव्या-उभ्या बारीक रेघा पसरल्या होत्या. म्हणजे काम कोफ्तगिरीचं: छिन्नीने पृष्ठभाग जाळीदार खरखरीत करायचा, त्यावर सोन्याचा पातळ वर्ख किंवा तार ठेवून ठोकायची आणि घोटायची. अस्सल खोदकामात आधी चर पाडतात, त्याच्या कडा आतून कातरतात आणि तार त्यात ठोकून बसवतात. तिथे अशा रेघा बाहेर येत नाहीत. दुसरं, दोन ठिकाणी सोनं जुन्या गंजाच्या खड्ड्यांत उतरलं होतं, आणि जाळीच्या रेघा खड्ड्यांच्या ओठांवरून गेल्या होत्या. खड्डे आधीचे, सोनं नंतरचं, यात वाद उरला नाही. तिसरं, ‘विलायत’मधली अक्षरं लिहिलेली नव्हती, पाहून चितारलेली होती. फारसी वाचणाऱ्याला ते एका नजरेत कळलं.

मध्यस्थाने दिलेला भाव सहीचा होता. सही गेली आणि भाव कोसळला. पण पातं कुठे गेलं नव्हतं.

केलेलं काम

पहिला दिवस फक्त नोंदीचा: मोजपट्टीसह दोन्ही बाजूंचे फोटो, तिरक्या उजेडातले वेगळे, प्रत्येक दहा सेंमीवर जाडी. मग साफसफाई, आणि तिच्यात एक बारीक पेच होता. हळद अल्कोहोलमध्ये सुटते, पाण्यात नाही. पण मुठीतली लाखही अल्कोहोलमध्येच विरघळते. बोळा ओथंबलेला असेल तर थेंब पात्यावरून सरकत मुठीत शिरतो, लाख मऊ पडते आणि पातं हलायला लागतं. म्हणून मुठीपासून पाच सेंमीची सीमा आखली, तिथे कापडाची पट्टी गुंडाळली, तलवार अणी खाली करून तिरकी ठेवली आणि बोळे पिळून, जेमतेम ओलसर वापरले. सीमेच्या आत फक्त लाकडी काडी आणि मऊ ब्रश. बफिंगचा खड्ड्यांत अडकलेला मेणकट मसाला मिनरल टर्पेंटाइनने निघाला.

केशरी गंजावर पातळ मशीन तेल लावून दोन दिवस ठेवलं. मग भिंगाखाली शस्त्रक्रियेच्या पात्याने, जवळजवळ आडवं धरून, फक्त केशरी थर उचलला. त्यानंतर कांस्याच्या बारीक लोकरीने पात्याच्या लांबीच्या दिशेत हलका हात. गोल गोल घासलं की चकाकते वर्तुळाकार ओरखडे पडतात आणि ते पुन्हा कधी जात नाहीत. गडद तपकिरी गंजाला हात लावला नाही. फॉस्फरिक आम्ल असलेले बाजारी ‘रस्ट रिमूव्हर’ बाद, कारण त्यांनी पातं राखाडी पडतं आणि नक्षीचा रंग बिघडतो.

खिडकी पात्याच्या मध्यावर उघडली, ३ सेंमी लांब. तिथे लहरींबरोबर एक आडवा पट्टा दिसला आणि सगळ्यांचे कान टवकारले. हा ‘चाळीस पायऱ्यां’चा नमुना असू शकतो. तो मुद्दाम करावा लागतो: पातं पुरं घडायच्या आधी त्याला ठरावीक अंतरावर आडवे उथळ चर पाडतात आणि मग ठोकून सपाट करतात. चराच्या जागी थर वाकतात, आणि घोटून आम्ल दिल्यावर शिडीच्या पायरीसारखा पट्टा उमटतो. पण एका पायरीवरून शिडी ठरत नाही.

इथे दुसरा निर्णय झाला. खात्रीसाठी आणखी खिडक्या उघडायच्या, की बफ झालेल्या २२ सेंमीत नक्षी उठवायची? तिथला मूळ पृष्ठभाग गेलाच होता, गमावण्यासारखं काही नव्हतं. आणि चकचकीत पांढरा पट्टा तसाच ठेवला असता तर तलवार कायम दुरंगी दिसली असती. घराने होकार दिला.

सपाट लाकडी ठोकळ्यावर सिलिकॉन कार्बाइड कागद चढवून, तेलात, क्रमाने ६००, ८००, १०००, १५००, २०००. प्रत्येक टप्प्याला आधीच्या कागदाचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत. नुसत्या बोटाने कागद दाबला तर मऊ जागा खोल जातात आणि पृष्ठभाग लहरतो. मग ॲसिटोन, नंतर खडूच्या पुडीची लापशी लावून पुसणं. इथे बोटाचा एक ठसा राहिला तरी आम्ल त्या जागी चढत नाही आणि ठसाच नक्षीत उमटतो. म्हणून हातमोजे.

आम्लासाठी तीन टक्के नायट्रिक, इथाइल अल्कोहोलमध्ये. नायट्रिक अल्कोहोलमध्ये थोडं थोडं घालायचं, उलट कधीच नाही. लागेल तेवढंच करायचं आणि बंद बाटलीत साठवायचं नाही, स्फोटाचा धोका असतो. पारंपरिक कारागीर हिराकस वापरत. ॲबट या इंग्रज अधिकाऱ्याने १८४७ मध्ये पंजाबातल्या गुजरात नावाच्या गावच्या कारागिरांची पद्धत लिहिली, तिच्यातही ‘कुसीस’ आहे, म्हणजे तीच. हिराकशीने रंग जास्त उबदार येतो, पण नेमका ताबा ठेवायला सराव लागतो, म्हणून ती टाळली. कापसाने दहा सेकंद, धुणं, पाहणं, पुन्हा दहा सेकंद. चौथ्या फेरीला रंग पुरेसा चढला. खाण्याचा सोडा घातलेल्या डिस्टिल्ड पाण्याने आम्ल मारलं, कोमट हवेने वाळवलं, लगेच तेल.

निष्पत्ती

२२ सेंमीत नऊ पायऱ्या मोजता आल्या, अंतर सव्वादोन ते अडीच सेंमी. नमुना पात्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर होता, म्हणजे चर जोडीने पाडलेले. कार्बाइडच्या रेषा दाट आणि नागमोडी. सही बनावट, पातं मात्र उत्तम इराणी घडणीचं, असा निष्कर्ष निघाला. अणीच्या पिवळ्या डागाखालीही नक्षी शाबूत होती.

मध्यस्थाने कमी भावात पुन्हा विचारलं. तेव्हा त्याच्या ‘पुढच्या वाहतुकी’चा अर्थ कळला: माल देशाबाहेर जाणार होता. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, आणि खाजगी माणसाला ती निर्यात करता येत नाही. घराने नकार दिला आणि पोलीस ठाण्यात फोटोंसह लेखी माहिती देऊन ठेवली.

पूजेचा प्रश्न उरला होता. तो घरातल्या आत्यांनी सोडवला. हळद-कुंकू, गंध आणि माळ आता म्यानाला. पातं शेजारी पाटावर कोऱ्या सुती कापडावर, त्याला फक्त अक्षता, आणि त्याही दुरून. पातं एरवी म्यानात जात नाही. घट्ट झाकणाच्या पेटीत फोमवर असतं, बरोबर किलोभर सिलिका जेल आणि एक आर्द्रतामापक. आकडा ४५ टक्क्यांच्या वर गेला की जेल भट्टीत तापवून परत ठेवायचं. पात्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मध्यावरची खिडकी उघडायची गरज नव्हती. बफ झालेला भाग हाताशी होता. तिथूनच सुरुवात केली असती तर तेच उत्तर मूळ पृष्ठभागाचे ३ सेंमी न गमावता मिळालं असतं. क्रम चुकला तो ‘आधी लहान, मग मोठं’ या सवयीमुळे. इथे प्रश्न जागेच्या आकाराचा नव्हताच, तिथे वाचवण्यासारखं काय उरलंय हा होता.

सहीची भिंगाखाली तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. तिला अर्धा तास लागतो, खर्च शून्य. ती आधी झाली असती तर मध्यस्थाच्या आकड्याने घरात जे दोन तट पडले, ते पडले नसते.

मूठ उघडली नाही. हा निर्णय अजूनही वादाचा आहे. लाख तापवून पातं काढलं असतं तर मुठीत जाणाऱ्या शेपटावर जुन्या इराणी मुठीच्या रिवेटचं भोक आहे का हे दिसलं असतं. पण त्यासाठी लागणारी आच सोन्याच्या चौकटीपासून चार सेंमीवर द्यावी लागली असती, आणि लाख पुन्हा भरताना जुनी बैठक जुळत नाही. दवाखान्यातला एक्स-रे लोखंडी मुठीतून नीट आरपार जात नाही, त्याला औद्योगिक रेडिओग्राफीच लागते.

दुसऱ्या पावसाळ्यानंतरच्या तपासणीत मुठीच्या तोंडाशी, लाख आणि पात्याच्या फटीत, दोन केशरी ठिपके सापडले. साफसफाईत सीमेच्या आतला भाग कोरडाच ठेवला होता आणि मेण तिथवर पोचलं नव्हतं. ठिपके काडीने काढले, फटीत ऊन करून पातळ केलेलं मेण ब्रशने सोडलं. पुढच्या वर्षीही ठिपके आले, तर रेडिओग्राफी करून मग मूठ उघडायची की नाही ते ठरेल.